कोणी कोणाशी लग्न केले? : इंग्रजी लेखनातील विवाहविषयक परस्परवाचक पदांचा प्रश्न

मराठी साहित्याविषयी इंग्रजीतून लिहिण्याचा व्यवहार आता विद्यापीठीय जीवनाचा नित्याचा भाग झाला आहे. प्रबंधांचे इंग्रजी सारांश, चर्चासत्रांतील निबंध, स्त्रियांच्या आत्मकथनांची भाषांतरे आणि त्यांना जोडलेल्या प्रस्तावना ह्या सर्व लेखनात एक वाक्य हमखास भेटते : अमुक पुरुष आणि अमुक स्त्री ह्यांनी अमक्या साली 'मॅरिड ईच अदर'. वाक्याचा काळ तपासला जातो, स्वल्पविराम तपासला जातो, मुद्रिते दोनदा वाचली जातात. ते वाक्य खरे आहे काय, एवढे मात्र सहसा तपासले जात नाही. अकरा वर्षांची मुलगी आणि एकतीस वर्षांचा बिजवर ह्यांचे लग्न ज्या वाक्यात दोघांनी परस्परांबाबत केलेली कृती म्हणून नोंदवले जाते, ते वाक्य इंग्रजी व्याकरणाच्या कोणत्याही नियमाने अशुद्ध ठरत नाही. आणि तरीही ते खोटे असते. व्याकरणाने निर्दोष आणि अर्थाने खोट्या अशा वाक्यांची जबाबदारी कोणाची, हा येथे वादाचा विषय आहे.

ह्या प्रश्नाला केवळ शुद्धाशुद्धतेच्या अंगाने भिडणारा एक वर्ग आहे, आणि त्याच्या हाती एकच हत्यार आहे. दोघांसाठी 'ईच अदर', दोहोंहून अधिकांसाठी 'वन अनदर', हा त्याचा नियम. हा भेद १७८५ साली जॉर्ज अशर नावाच्या व्याकरणकाराने सांगितलेला आढळतो, आणि तेव्हापासून शालेय व्याकरणे तो निष्ठेने पुढे चालवीत आली आहेत. इंग्रजीचे थोर लेखक मात्र त्यापूर्वी आणि त्यानंतरही ही दोन्ही पदे हवी तशी वापरीत राहिले. १९२६ साली फाउलरने हा भेद निरुपयोगी आणि इतिहासाला सोडून असल्याचे सांगून निकालात काढला. क्वर्क आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद्‌व्याकरणालाही प्रत्यक्ष वापरात त्याला फारसा आधार दिसला नाही. तरीही प्रबंधांच्या समासांत लाल शाई सांडते ती नेमकी येथेच. विवाहाच्या बाबतीत तर हा नियम काहीच सांगत नाही. एका विवाहात माणसे दोनच असतात. तेव्हा 'ईच अदर' लिहिले म्हणून नियम पाळला गेला आणि 'वन अनदर' लिहिले म्हणून मोडला गेला, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या परीक्षकाने वाक्याचा आशय वाचलेलाच नसतो.

व्याकरणाचे खरे प्रश्न दुसरीकडे आहेत. मराठी भाषकाच्या इंग्रजीत 'शी मॅरिड विथ हिम' हे वाक्य सर्रास येते, कारण मराठीत लग्न कोणा'शी' होते आणि तृतीयेचा हा 'शी' इंग्रजीत उतरताना 'विथ'चे रूप घेतो. (एलिझाबेथकालीन इंग्रजीत हे 'विथ' चालत असे, शेक्सपिअरमध्येही ते सापडते. पण चारशे वर्षांपूर्वीची सवलत आजच्या लेखकाला मिळत नाही.) आधुनिक इंग्रजीत 'मॅरी' हे क्रियापद कर्म थेट घेते आणि 'मॅरिड' हे विशेषण 'टू'ची अपेक्षा करते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, 'मीट', 'किस', 'एम्ब्रेस' ह्या क्रियापदांप्रमाणेच 'मॅरी'चा कर्ता अनेकवचनी असला आणि कर्म दिलेले नसले, तर परस्परता गृहीतच असते. 'दे मॅरिड' एवढे म्हटले की पुरते. 'ईच अदर' तेथे जोडायचे ते काही शंका निवारायची असेल किंवा काही ठासून सांगायचे असेल तर. घटस्फोटित जोडपे पुन्हा एकमेकांशीच विवाहबद्ध झाले, किंवा दोन जुन्या मित्रांनी अखेर अन्य कोणाशी नव्हे तर एकमेकांशी लग्न केले, अशा ठिकाणी ते पद आपली मजुरी कमावते. विशेषणाचे गणित उलटे आहे. 'द ब्रदर अँड सिस्टर आर मॅरिड' ह्या वाक्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही; त्याला 'टू ईच अदर' जोडताच अनर्थ होतो. म्हणजे ही पदे अलंकार नव्हेत. ती एक विधान करतात, आणि विधान म्हटले की त्याला पुरावा लागतो.

मराठीत 'एकमेकांशी लग्न केले' हे वाक्य विशिष्ट प्रसंगीच तोंडी येते. प्रेमविवाह, पळून जाऊन केलेले लग्न, घरच्यांचा विरोध मोडून केलेले लग्न. इतरत्र बोली भाषा फार सावध असते. मुलगी 'दिली' जाते, सून 'करून घेतली' जाते, लेक 'उजवली' जाते, पाट 'लावला' जातो, लग्न 'लागते', 'होते', 'ठरते', 'मोडते'. पुरुष 'दुसरी करतो'; स्त्रीने 'दुसरा केला' असे म्हटले की त्या वाक्यात निंदा आपोआप मिसळते, ती वेगळी घालावी लागत नाही. 'तिचे लग्न झाले' ह्या सर्वांत साध्या वाक्यात तर कर्ताच नाही : ती षष्ठीत उभी आहे आणि लग्न नावाची घटना तिच्या बाबतीत घडून गेली आहे. ज्या समाजात विवाह हा दोन घरांचा व्यवहार होता त्या समाजाने आपल्या भाषेत कोण देणारा, कोण घेणारा, कोण दिली जाणारी ह्याचा चोख हिशेब ठेवला. ही क्रियापदे सुंदर आहेत असे कोणी म्हणणार नाही; पण ती प्रामाणिक आहेत.

आता इंग्रजी रूपांतर पाहावे. 'बिजवराला दिली' ह्या तीव्र, काहीशा कडवट वाक्यप्रयोगाचे इंग्रजी होते 'शी मॅरिड अ विडोअर'. मूळ वाक्यात ती कर्म होती. इंग्रजीत ती कर्ता झाली. मूळ वाक्यात देणारा अध्याहृत असला तरी हजर होता. इंग्रजीत तो निसटला. मूळ वाक्यात तक्रार होती. इंग्रजीत नुसती माहिती उरली. ह्यावर 'ईच अदर'ची मोहोर उमटवली की विरचनेला काही शिल्लकच राहत नाही, कारण विरचना करावी असा ताणच संहितेतून काढून टाकलेला असतो.

परस्परतेचा विचार ह्या भूमीत नवा नाही, ह्याचे भान मराठीच्या अभ्यासकाला तरी असावयास हवे. पाणिनीने आत्मनेपदाच्या प्रकरणात परस्परांनी एकमेकांची क्रिया करण्याला 'कर्मव्यतिहार' अशी संज्ञा वापरली आहे (१.३.१४). त्याच पादात थोडे पुढे (१.३.५६) 'उप' उपसर्गपूर्वक 'यम्' धातूला आत्मनेपद सांगितले आहे ते 'स्वकरण' ह्या अर्थी, म्हणजे आपलेसे करणे ह्या अर्थी, आणि काशिकाकारांनी हे स्वकरण पाणिग्रहणरूपच घ्यावे असा खुलासा केला आहे. एका पादात दोन नियम आहेत. परस्परतेचा नियम हाताशी असतानाही विवाहवाचक धातूची व्यवस्था परस्परतेखाली लागलेली नाही. ती ताब्यात घेण्याखाली लागलेली आहे. व्याकरणकाराने येथे समाजाला गोंडस करून दाखवले नाही. आजचा इंग्रजी सारांशकार मात्र ते करतो, आणि तेही व्याकरणाच्या नावाने.

तर्कशास्त्र ह्यावर एक आक्षेप घेईल. 'अ'चे 'ब'शी लग्न झाले असेल तर 'ब'चे 'अ'शी झालेले असतेच. संबंध सममित आहे. मग कर्ता कोणताही लिहिला तरी बिघडते कोठे? बिघडते ते वाक्यरचनेत. लीला ग्लाइटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा सममित शब्दांविषयी केलेल्या विवेचनाचा रोख हाच आहे की, संबंध तर्कदृष्ट्या सममित असला तरी कर्त्याच्या जागी कोण आणि कर्माच्या जागी कोण ह्याने वाक्याचा अर्थ बदलतो. एक पद आकृती होते, दुसरे पार्श्वभूमी. साहित्याच्या वाचकाला हे सांगण्यासाठी मानसशास्त्राची गरज नाही. शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर' (१८४७) ह्या कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणाचे पहिलेच वाक्य प्रसिद्ध झाले ते त्यात नायिका कर्ता आहे आणि नायक कर्म आहे म्हणून. तिने 'आमचे लग्न झाले' असे लिहिले असते तर माहिती तीच राहिली असती आणि वाक्य विस्मरणात गेले असते. विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन होते, हा ब्लॅकस्टोनने नोंदवलेला सिद्धांत त्या वेळी इंग्लंडमध्ये जिवंत होता. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० आणि १८८२ साली आले. कायद्याने जे दिले नव्हते ते त्या नायिकेने क्रियापदाकडून घेतले.

म्हणूनच 'इंग्रजी ही वसाहतकारांची भाषा आहे, तिच्यात आमच्या विवाहाचे वास्तव मावतच नाही' ही अलीकडे सैद्धांतिक परिभाषेत मांडली जाणारी सबब ग्राह्य धरता येत नाही. इंग्रजीत सर्व काही मावते. तिच्या चर्चमधील विवाहविधीत पुरोहित अजूनही विचारू शकतो की ही कन्या कोण देत आहे. १६६२ च्या प्रार्थनाग्रंथात वधूच्या शपथेत आज्ञापालनाचे वचन होते आणि वराच्या शपथेत नव्हते. 'मॅरी' हे एकच क्रियापद तेथे तिघे वापरतात : पुरोहित लग्न लावतो, बाप मुलीचे लग्न करून देतो, जोडपे लग्न करते. 'गिव्हन इन मॅरेज', 'वॉज मॅरिड टू', 'मॅरिड ऑफ टू', 'टुक अ सेकंड वाइफ' हे सारे प्रयोग शब्दकोशात हारीने उभे आहेत. 'बिजवराला दिली' ह्यासाठी 'वॉज गिव्हन टू अ विडोअर' लिहिण्यास कोणत्याही साम्राज्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती आळसाची, आणि कर्मणी प्रयोग टाळावा ह्या लेखनमार्गदर्शकांनी डोक्यात बसवलेल्या उपदेशाची. बालविवाहाच्या वाक्यात कर्मणी प्रयोग टाळणे म्हणजे मुलीच्या अंगावर तिने न केलेली क्रिया लादणे.

रमाबाई रानडे ह्यांचे उदाहरण येथे निर्णायक आहे. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे विधुर झाले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या ह्या एकतीस वर्षांच्या विद्वानाने विधवेशीच विवाह करावा असा सुधारकांचा आग्रह असणे स्वाभाविक होते. वडिलांनी त्यांचे लग्न त्याच वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लावून दिले; रानड्यांची इच्छा नव्हती, पण पितृआज्ञेपुढे ते नमले. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) ह्या पुस्तकात ही हकिकत खुद्द रमाबाईंनी दिली आहे. ह्या लग्नात कर्ता कोण? वधू नव्हे, हे उघड आहे. पण वरही नव्हे. 'ईच अदर' ह्या दोन शब्दांनी येथे एका दमात दोन खोट्या साक्षी होतात : मुलीला नसलेली संमती दिली जाते, आणि रानड्यांवर सुधारकांनी ठेवलेला ठपका व त्यांनी स्वतः सोसलेला पेच दोन्ही पुसले जातात. मराठी सुधारणेच्या इतिहासातील एक अवघड प्रकरण इंग्रजीत शिरताच सुखी संसाराची पहिली ओळ होऊन बसते.

ह्यावरचा सर्वांत गंभीर प्रतिवाद स्त्रीवादी समीक्षेकडून येतो, आणि तो हलक्याने उडवून लावण्याजोगा नाही. रमाबाई पुढे शिकल्या, सेवासदनाच्या कामात अग्रभागी राहिल्या, स्वतःचे आयुष्य स्वतः लिहिते झाल्या; अशा स्त्रीला सदैव कर्मणी प्रयोगात डांबणे हे तिचे कर्तेपण पुन्हा हिरावणे नव्हे काय? तिला कर्त्याच्या जागी बसवणारे वाक्य निदान तिचा मान राखते, असे म्हटले जाते. परंतु ह्या युक्तिवादात काळाची गफलत आहे. रमाबाईंचे कर्तेपण त्यांनी वर्षानुवर्षे, घरातील बायकांचा रोष पत्करून, अक्षर अक्षर शिकत मिळवले. ते त्या पुस्तकाचे कथानकच आहे. ते लग्नाच्या दिवशीच त्यांच्या पदरात घातले तर पुढील सारी पाने अनावश्यक ठरतात. जिने काही मिळवले तिला ते आधीपासून होतेच असे सांगणे हा तिचा मान नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'बाबतही हेच म्हणता येते : नवऱ्याने धर्मांतर केल्यावर काही वर्षे वेगळे राहून मग स्वतःच्या विचाराने त्याच्याकडे परतणे आणि पुढे ख्रिस्ती होणे, ही त्या ग्रंथातील कर्तरी क्रिया आहे. बालपणी झालेले लग्न ही नव्हे. दोन्हींना एकच व्याकरण लावणारे भाषांतर त्या स्त्रीच्या आयुष्याचा चढ सपाट करते.

परस्परतेची भाषा निरुपद्रवी असते असा ज्यांचा समज असेल त्यांनी मुंबई उच्च न्यायालयातील रखमाबाईंचा खटला पुन्हा वाचावा. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी ह्यांच्याशी लावण्यात आले. त्या नवऱ्याच्या घरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी दावा लावला तो 'रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्ज्युगल राइट्स'चा, म्हणजे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा. ही इंग्रजी संज्ञा स्वभावतःच परस्परवाचक आहे : दोघांचा एकमेकांच्या सहवासावर हक्क आहे, आणि दोघांपैकी कोणीही तो मागू शकतो. न्या. पिन्ही ह्यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळताना बोट ठेवले ते ह्याच शब्दावर. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याची 'पुनः'स्थापना कशी करणार? अपिलात हा निर्णय फिरला, खटला पुन्हा चालला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन ह्यांनी रखमाबाईंना नवऱ्याकडे जावे, अन्यथा सहा महिने तुरुंगात जावे, असा आदेश दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. न्यायालयाच्या इंग्रजीत व्याकरणाची एकही चूक नव्हती. अकराव्या वर्षी 'दिली' गेलेली मुलगी त्या इंग्रजीत एका परस्पर कराराची पक्षकार झाली होती, आणि पक्षकार म्हणून तिला शिक्षा होऊ शकत होती. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) नवव्या कलमात हा हक्क दोघांपैकी कोणालाही मागता येईल अशा समतोल भाषेत कायम राहिला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते वैध ठरवले. साहित्याच्या प्रबंधातील 'ईच अदर' कोणाला तुरुंगात पाठवीत नाही, हे खरे. पण ज्या सवयीने न्यायालयाला ते वाक्य सहज सुचले तीच सवय प्रबंधातही लिहीत असते.

ह्याचा अर्थ मराठी जीवनाविषयी इंग्रजीत लिहिताना हे पद वर्ज्य करावे असा नाही. उलट ते राखून ठेवावे. पंडिता रमाबाई आणि बिपिन बिहारी मेधावी ह्यांनी १८८० साली जात आणि प्रांत ओलांडून नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोघेही सज्ञान होते आणि लग्न लावून देणारा कोणी वडीलधारा पाठीशी नव्हता. येथे 'दे मॅरिड ईच अदर' हे वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि त्यातील ठासून सांगण्याचा सूरही योग्य आहे. ह्याच रमाबाईंनी १८८७ साली इंग्रजीत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहून उच्चवर्णीय घरातील मुलीच्या लग्नाची कथा जगापुढे मांडली. स्वतःचे लग्न आणि त्या मुलीचे लग्न ह्यांतील अंतर हाच त्या ग्रंथाचा श्वास आहे. दोन्हींना एकच वाक्य वापरणाऱ्या अभ्यासकाने तो ग्रंथ कशासाठी वाचला असेल, हे समजणे कठीण आहे.

आणि जोतीराव फुले ह्यांचे काय करावे? रानड्यांचे लग्न झाले त्याच वर्षी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा ग्यानोबा निंबणकर ह्यांचा पहिला सत्यशोधक विवाह ब्राह्मण पुरोहितावाचून पार पडला. १८८७ साली, म्हणजे रखमाबाईंना तुरुंगाची धमकी मिळाली त्याच वर्षी, सत्यशोधक समाजाचे पूजाविधी मंगलाष्टकांसह छापले गेले. त्या मंगलाष्टकांत पुरोहिताचा आवाज मावळतो आणि वधू-वर एकमेकांशी बोलतात. वधू स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नसल्याचे सांगून त्यांच्या हक्कांची शपथ मागते, वर ती घेतो. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या क्रियापदांनी भरलेल्या एका भाषेत कोणीतरी कर्मव्यतिहाराची जागा हेतुपुरस्सर, लेखी, छापून निर्माण केली, ती ही. इंग्रजीत 'ईच अदर' लिहायचे असेल तर ते येथे लिहावे; आणि त्याच प्रबंधाच्या आधीच्या पानावर, रानड्यांच्या लग्नापुढे लिहिलेले असेल, तर ते खोडून यावे.